मंगोल भाषेसाठी विक्शनरी : माणदेशातील एका पशुवैद्याचे परीक्षण

मंगोल भाषा शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला विक्शनरी हा मुक्त ऑनलाइन शब्दकोश वापरण्याची शिफारस मी निःसंकोचपणे करीन, मात्र त्यासोबत एक अट घालीन. हा कोश केवळ अर्थ पाहण्यापुरता उघडणाऱ्याला तो अर्धाच उपयोगी पडतो. जो त्यात स्वतः नोंदी लिहू लागतो, त्याला भाषेची जी बारकाईने ओळख होते, ती मी पाहिलेल्या दुसऱ्या कोणत्याही साधनाने होत नाही. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर वाचकासाठी तीन आणि लेखकासाठी पाच, असे मी देईन. दोहोंमधील हा फरक का पडतो, हे सांगण्यासाठीच हे परीक्षण लिहीत आहे.

विक्शनरी हा विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचाच प्रकल्प असून तो डिसेंबर २००२मध्ये सुरू झाला. त्याची रचना नव्या वापरकर्त्याला सुरुवातीला गोंधळात टाकते. इंग्रजी विक्शनरी म्हणजे इंग्रजी शब्दांचा कोश नव्हे, तर जगातील सगळ्या भाषांच्या शब्दांचे इंग्रजीतून स्पष्टीकरण देणारा कोश होय. त्याचप्रमाणे मराठी विक्शनरीत कोणत्याही भाषेतील शब्दाचा अर्थ मराठीतून देणे अपेक्षित आहे. त्यामुळे मंगोल शब्दाची नोंद इंग्रजी आवृत्तीत असू शकते, मराठी आवृत्तीत असू शकते आणि मंगोल भाषेच्या स्वतःच्या आवृत्तीतही असू शकते, आणि या तीन नोंदी एकमेकींची भाषांतरे असतीलच असे नाही. आज मंगोल शब्दांसाठी सर्वांत भरीव काम इंग्रजी आवृत्तीत झालेले आहे, तर मराठी आवृत्तीत मंगोल नोंदी फारच विरळ आहेत. ही उणीव खरी आहे. परंतु ती भरून काढण्याचा अधिकार आपल्यापैकी प्रत्येकाला आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, माण आणि खटाव तालुक्यांत, शेळ्यामेंढ्या आणि खिलार गुरे यांच्यावर उपचार करण्यात माझा दिवस जातो. मंगोलियाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख, म्हणजे २०११च्या जनगणनेनुसार तीस लाख भरलेल्या आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडीशीच अधिक. पण तेथील पाळीव जनावरांची संख्या सहा कोटींच्या आसपास आहे. घोडा, उंट, गायवर्गीय जनावर, मेंढी आणि शेळी या पाच प्रकारांना मिळून मंगोल लोक ‘पाच नाकाडांचे पशुधन’ अशा अर्थाचे एकच नाव देतात आणि याक गायीच्याच वर्गात मोजतात. इतक्या मोठ्या पशुपालक समाजाकडे जनावरांविषयी कोणते शब्द असतील, या कुतूहलाने मी ही भाषा शिकू लागलो. मराठीतून मंगोल शिकवणारे पुस्तक मला मिळाले नाही. गूगलच्या भाषांतर सेवेत मंगोल भाषा आहे आणि एखाद्या वाक्याचा ढोबळ आशय तिच्यातून कळतो. परंतु शब्द कसा चालतो, कोणत्या प्रत्ययापूर्वी त्याचे रूप का बदलते, हे ती सांगत नाही. ते शब्दकोशाचेच काम आहे.

विक्शनरीतील एखादी चांगली मंगोल नोंद उघडली की शीर्षस्थानी सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेसाठीही वापरल्या जाणाऱ्या लिपीतील शब्द, त्याखाली आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उच्चार, मग व्युत्पत्ती, शब्दाची जात, अर्थ आणि बऱ्याच नामांच्या बाबतीत विभक्तिरूपांचा पूर्ण तक्ता मिळतो. हा तक्ता कोणी हाताने भरलेला नसतो. मूळ शब्द आणि त्याचा वर्ग सांगितला की साचा, म्हणजे पानात घालायचा तयार आराखडा, त्यावरून रूपे तयार करतो. मराठी वाचकाला या तक्त्याचे मोल फार लवकर कळते, कारण मंगोल नामांचे चालणे आपल्या सामान्यरूपाशी जवळचे आहे. पाण्याला मंगोलमध्ये ‘उस’ म्हणतात, पण ‘पाण्यात’ म्हणताना ‘उसन्द’ आणि ‘पाण्यातून’ म्हणताना ‘उस्नास’ असे होते. मूळ शब्दात न दिसणारा ‘न’ प्रत्यय लागताना पुढे येतो. ‘पाणी’चे ‘पाण्या’ झाल्याशिवाय आपल्याला ‘त’ लावता येत नाही, हे लहानपणापासून जिभेला ठाऊक असलेल्या माणसाला हा लपलेला ‘न’ परका वाटत नाही. काही नामांत असाच ‘ग’ लपलेला असतो आणि तो षष्ठीत प्रकट होतो. कोणत्या नामात काय लपले आहे, हे केवळ शब्द पाहून नेहमी ओळखता येत नाही, म्हणून ती माहिती कोशाने द्यावी लागते. अर्थापुढे एकच प्रतिशब्द देऊन थांबणारा छोटा छापील कोश येथे अपुरा पडतो आणि विक्शनरीचा तक्ता येथेच आपली योग्यता सिद्ध करतो.

वाक्यरचनेबाबतही आपण नशीबवान आहोत. कर्ता आधी, कर्म नंतर आणि क्रियापद शेवटी हा क्रम दोन्ही भाषांत सारखाच असून शब्दयोगी अव्ययेही नामानंतर येतात. ‘जाऊन’, ‘पाहून’ यांसारखी धातुसाधिते जोडत जाऊन लांब वाक्य बांधण्याची आपली पद्धत मंगोल भाषेतही आहे. तिच्यात लिंगभेद नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, हा तर दिलासाच म्हणावा लागेल. इंग्रजीतून मंगोल शिकवणारी साधने या गोष्टींचे विस्ताराने स्पष्टीकरण देतात, कारण इंग्रजी वाचकाला त्या अपरिचित असतात. मराठी वाचकाला त्या दोन ओळींत सांगून पुढे जाता येते.

खरी अडचण स्वरांची आहे. मंगोल शब्दांत स्वरसंवाद पाळला जातो, म्हणजे तोंडाच्या मागच्या भागात उच्चारल्या जाणाऱ्या गटातील स्वर आणि पुढच्या भागात उच्चारल्या जाणाऱ्या गटातील स्वर एका शब्दात सहसा एकत्र येत नाहीत, आणि प्रत्ययाचा स्वरही मूळ शब्दाच्या गटाप्रमाणे बदलतो. पाणी आणि केस या दोन अर्थांचे मंगोल शब्द देवनागरीत लिहिले तर दोन्ही ‘उस’ असेच दिसतात. सिरिलिकमध्ये मात्र त्यांचे स्वर वेगळ्या अक्षरांनी दाखवले जातात आणि ‘पाण्यातून’ हे ‘उस्नास’, तर ‘केसांतून’ हे ‘उस्नेस’ होते. म्हणून मराठी आवृत्तीत नोंद लिहिताना देवनागरी उच्चारावर विसंबून चालत नाही. शीर्षक सिरिलिकमध्येच द्यावे, ध्वनिलिपीतील उच्चार जोडावा आणि देवनागरी रूप केवळ वाचकाच्या सोयीसाठी, ‘जवळचा उच्चार’ अशा स्पष्ट उल्लेखासह ठेवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. देवनागरीत शीर्षके देण्याचा मोह साहजिक असला, तरी त्याने भिन्न शब्द एकाच पानावर येऊन आदळतील आणि शिकणाऱ्याचे नुकसान होईल.

लिपीचा प्रश्न एवढ्यावरच संपत नाही. मंगोलियात सिरिलिक लिपी स्वीकारण्याचा निर्णय १९४१मध्ये झाला आणि १९४६पासून ती अधिकृत वापरात आली. रशियन वर्णमालेत दोन स्वरांची भर घालून तिची ३५ अक्षरे झाली. त्याआधीची, उइगुर लिपीवरून तेराव्या शतकाच्या सुरुवातीस घेतलेली उभी लिपी चीनच्या अखत्यारीतील अंतर्गत मंगोलियात आजही चालू आहे, आणि मंगोलियानेही २०२५पासून सरकारी दस्तऐवजांत दोन्ही लिप्या वापरण्याचे धोरण कायद्याने स्वीकारले आहे. त्यामुळे चांगल्या नोंदीत दोन्ही रूपे असणे आवश्यक आहे, आणि विक्शनरीत ती देण्याची सोयही आहे. उभ्या लिपीतील लेखन जुन्या उच्चारांना धरून असल्यामुळे त्यातून शब्दाचा इतिहास डोळ्यांसमोर येतो. उलानबातर या राजधानीच्या नावातील ‘बातर’ हा शब्द जुन्या लेखनात ‘बगातुर’ असा लिहिला जातो, आणि ते पाहिल्यावर आपल्या ‘बहादूर’ या शब्दाशी त्याचे असलेले नाते मुद्दाम सांगावे लागत नाही. ‘दारोगा’ हा आपला शब्दही फारसीमार्गे मंगोल प्रशासनातूनच आलेला आहे. व्युत्पत्तीचे रकाने काळजीपूर्वक भरले तर असे दुवे एका भाषेच्या पानावरून दुसऱ्या भाषेच्या पानावर नेतात. उलट दिशेनेही असेच दुवे आहेत, कारण बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द मंगोल भाषेत गेले. बुद, सुगर, अंगारग, बर्खस्बद आणि सान्चिर ही ग्रहांची मंगोल नावे आपल्याकडील कोणत्याही पंचांगवाचकाला ओळखता येतील.

उभ्या लिपीच्या बाबतीत संगणकाची मर्यादा मात्र जाणवते आणि तिचा दोष या कोशाला देता येत नाही. संगणकावर निरनिराळ्या लिप्या लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीत ही लिपी १९९९पासून आहे. परंतु तिचे संकेतन अक्षराच्या आकाराऐवजी उच्चारानुसार केलेले असल्याने आणि ‘त’ व ‘द’ किंवा ‘ओ’ व ‘उ’ यांसारख्या जोड्या अनेक ठिकाणी सारख्याच दिसत असल्याने, पडद्यावर हुबेहूब एकसारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळे असू शकतात. अशा वेळी शोध घेतला तर शब्द सापडत नाही आणि तो का सापडला नाही, हेही कळत नाही. शिवाय बऱ्याच मोबाइलवर ही लिपी उभी न दिसता आडवी पडलेली दिसते. नवशिक्याने उभ्या लिपीतील रूप टंकित करण्याच्या भरीस पडू नये. सिरिलिक रूपाची नोंद करून उभ्या रूपाची जागा जाणकारासाठी मोकळी सोडावी.

कोशाच्या उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. नोंदींचा दर्जा अतिशय असमान आहे. एका शब्दाला व्युत्पत्तीपासून तक्त्यापर्यंत सर्व काही असते, तर त्याच्या शेजारच्या, रोजच्या बोलण्यातल्या शब्दाला एका इंग्रजी प्रतिशब्दापलीकडे काहीच नसते. उदाहरणवाक्यांची टंचाई हा मला सर्वांत गंभीर दोष वाटतो, कारण क्रियापदाचा नुसता अर्थ कळून ते कोणत्या विभक्तीबरोबर वापरायचे हे समजत नाही. बोलीभेदांच्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि मंगोलियातील प्रमाण मानल्या जाणाऱ्या खाल्ख बोलीचाच आधार बहुतेक ठिकाणी घेतलेला दिसतो. ज्याला पाठ्यपुस्तकाप्रमाणे पायरीपायरीने शिकायचे आहे, त्याने केवळ या कोशावर अवलंबून राहू नये.

आता लेखनाकडे वळतो, कारण या कोशाचे खरे सामर्थ्य तेथे आहे. जनावरांच्या वयाची मंगोल नावे मला विशेष जवळची वाटतात. वासरू ‘तुगल’, दुसऱ्या वर्षातील वासरू ‘ब्यारू’. शिंगरू ‘उनग’ आणि दुसऱ्या वर्षी ‘दाग’. उंटाचे पिल्लू ‘बोतग’ आणि दुसऱ्या वर्षी ‘तोरम’. कोकरू ‘खुर्ग’, करडू ‘इशिग’. यापुढील वयाची नावे दातांवरून पडलेली आहेत : दात या अर्थाच्या ‘शुद’ शब्दावरून ‘शुदलेन’, नंतर ‘ख्याझालन’ आणि सुळ्याच्या नावावरून ‘सोयोलोन’. इंग्रजीतून अर्थ लिहिणाऱ्याला येथे वर्षांचा आकडा देऊन भागवावे लागते. आपल्याकडे मात्र बैलांच्या बाजारात आणि शर्यतींच्या मैदानात आदत (पक्का दात न आलेला), दुसा (दोन दातांचा), चौसा (चार दातांचा), सहादाती आणि जुळलेला (सर्व दात आलेला) हे शब्द आजही रोज ऐकू येतात. म्हणजे जनावराचे तोंड उघडून दुधाचे दात पडून पक्के दात किती आले हे पाहायचे आणि त्यावरून वय ठरवायचे, ही मंगोल गुराख्याची रीत माणदेशातल्या शेतकऱ्याचीही आहे. ‘शुदलेन’चा अर्थ मराठीत ‘दुसा’ असा दिला की म्हसवडच्या मेंढपाळाला तो विनासायास समजतो. येथे इंग्रजी मधे घेण्याचे काहीच कारण उरत नाही, आणि मराठी आवृत्तीत थेट मंगोलवरून नोंदी का लिहाव्यात, याचे यापेक्षा सबळ कारण मला देता येणार नाही. अर्थात दोन समाजांचे हिशेब सर्वच ठिकाणी तंतोतंत जुळतीलच असे नाही, म्हणून प्रतिशब्दापुढे दातांची अवस्था आणि वयाचे वर्ष असे दोन्ही लिहिणे मी आवश्यक मानतो.

प्रतिशब्द मिळत नाही तेथे कोशकाराची खरी परीक्षा होते. ‘झुद’ या मंगोल शब्दाचे उदाहरण घेता येईल. कडक हिवाळ्यात चाऱ्याअभावी जनावरे मोठ्या संख्येने मरण्याच्या आपत्तीला झुद म्हणतात. २००९-१०च्या हिवाळ्यात अशा आपत्तीत मंगोलियातील ऐंशी लाखांहून अधिक जनावरे दगावली. याला ‘हिमदुष्काळ’ म्हणावे असे प्रथम वाटते, पण ते बरोबर नाही. बर्फाच्या जाड थराखाली गवत गाडले जाते तो पांढरा झुद, वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचे कठीण कवच गवतावर बसते तो लोखंडी झुद, आणि बर्फच न पडल्यामुळे जनावरांना प्यायला पाणी मिळत नाही तो काळा झुद. काळ्या झुदात बर्फाचा अभाव हेच संकट असते, तेव्हा ‘हिमदुष्काळ’ हा शब्द त्याच्या नेमका उलटा अर्थ सांगेल. अशा ठिकाणी एका शब्दाचा हट्ट सोडून ‘हिवाळ्यातील हवामानामुळे चारा वा पाणी न मिळून पशुधनाचा संहार होण्याची आपत्ती’ अशी व्याख्या द्यावी आणि तीन प्रकार उपार्थ म्हणून नोंदवावेत. चारा छावण्यांच्या दारात जनावरांच्या रांगा पाहिलेल्या आपल्या भागातील माणसाला ही व्याख्या वाचून त्या आपत्तीचे गांभीर्य कळेल, याबद्दल मला शंका नाही.

नोंद लिहिताना पाळायचे नियम थोडे पण कडक आहेत. दुसऱ्या कोशातील व्याख्या जशीच्या तशी उतरवता येत नाही. अनेक आधार पाहून अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहावा लागतो. आपण लिहिलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे श्रेय देऊन आणि त्याच अटींवर तो कोणीही वापरू शकतो, आणि ही परवानगी नंतर मागे घेता येत नाही. इंग्रजी आवृत्तीत ज्या भाषांचे लेखन विपुल उपलब्ध आहे, त्यांच्या शब्दासाठी वर्षभराहून अधिक अंतराने झालेले तीन स्वतंत्र वापर पुरावा म्हणून मागितले जातात, तर कमी नोंदल्या गेलेल्या भाषांसाठी ही अट सैल आहे. प्रत्येक आवृत्तीचे साचे आणि संकेत वेगळे असल्याने इंग्रजी पानाचा सांगाडा मराठी पानावर आणून चिकटवला तर तो चालेलच असे नाही. आधी चांगल्या नोंदी उघडून त्यांचा मजकूर संपादन-पटलात कसा दिसतो, ते पाहणे हाच शिकण्याचा उत्तम मार्ग आहे. शब्दाचा ध्वनिमुद्रित उच्चार जोडण्याची सोयही आहे, परंतु ते काम ज्यांची मातृभाषा मंगोल आहे त्यांनीच करावे. आपण आपला उच्चार त्यांच्या नावाने नोंदवू नये.

कोणीही संपादन करू शकेल अशा कोशावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात विशेष गंभीरपणे विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. याच जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मुख्य संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. तज्ज्ञाने लिहायचे, संपादकांनी तपासायचे आणि मगच छापायचे, ही शिस्त आम्ही जवळून पाहिलेली आहे. विक्शनरीत ही क्रमवारी उलटी आहे : आधी प्रसिद्धी, मग तपासणी. मंगोलसारख्या भाषेवर लक्ष ठेवणारे संपादक थोडे असल्यामुळे चुकीची नोंद दीर्घकाळ तशीच राहण्याचा धोका इंग्रजी वा फ्रेंच शब्दांपेक्षा येथे अधिक आहे, हे मान्य करावे लागते. त्याला उपाय एकच, आणि तो वाचकाच्याच हाती आहे. प्रत्येक पानाचा संपूर्ण इतिहास उघडा असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला, हे पाहता येते, आणि शंका असेल तर चर्चा पानावर ती नोंदवता येते. ज्या अर्थाला आधार दिलेला नाही, तो मी अध्यापनात किंवा लेखनात वापरत नाही, आणि माझ्या नोंदीला आधार मिळत नसेल तर ती लिहीत नाही. वाईची शिस्त प्रत्येकाने आपल्यापुरती पाळली, तर या कोशाच्या मोकळेपणाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

सुरुवात करणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. कोश पूर्णपणे विनाशुल्क असून त्यावर जाहिराती नाहीत. खाते न उघडताही संपादन करता येते, परंतु खाते उघडणे सर्व दृष्टींनी सोयीचे आहे, कारण मग आपल्या सर्व नोंदी एका ठिकाणी दिसतात आणि इतर संपादकांना आपल्याशी संपर्क साधता येतो. वाचण्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. लिहिण्यासाठी मात्र संगणकच वापरावा. मंगोल सिरिलिकचा कळफलक संगणकाच्या भाषाविषयक सेटिंगमधून जोडावा लागतो. रशियन कळफलकावर काम भागवू नये, कारण मंगोलचे दोन जादा स्वर त्यावर नसतात आणि त्यांच्याऐवजी दिसायला जवळची अक्षरे वापरली तर शब्दच बदलतो. पहिल्या नोंदींसाठी आपल्याला व्यवसायातून पक्की माहिती असलेला विषय निवडावा. शेतकऱ्याने चारा आणि हवामान, विणकराने लोकर आणि नमदा, स्वयंपाकात गती असणाऱ्याने दुधाचे पदार्थ हाती घ्यावेत. घोडीच्या दुधापासून आंबवून केलेल्या ‘ऐराग’पासून वाळवलेल्या ‘आरूल’पर्यंत दुधाच्या पदार्थांची मंगोल नावेच इतकी आहेत की मराठी आवृत्तीतील तो एक विभाग भरण्यासाठी चारपाच जणांचे काही महिन्यांचे काम सहज होईल.